ब्रह्मकमळाचं बारसं

गेल्या जुलैतली गोष्ट. शुक्रवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. आठवडाभर छळणारं एक रिलीज एकदाचं मार्गी लावून मी नुकताच लॅपटॉप मिटला होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "अरे, चल लवकर, ब्रह्मकमळ फुललंय. सगळ्यांना बोलावलंय."

काकूंच्या गॅलरीत ही गर्दी. दोन कळ्या पूर्ण उमललेल्या, तिसरी उमलायच्या बेतात. पांढरीशुभ्र फुलं, घमघमाट. काकूंनी कुंडीला हळदकुंकू वाहिलेलं, निरांजन ओवाळलेलं, आणि बशीत प्रत्येकाला पेढा. आणि अशा वेळी मी काय बोललो असेन? "काकू, पण हे खरं ब्रह्मकमळ नाहीच. हे मेक्सिकोतलं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं. मी पाहिलंय."

काकू एवढंच म्हणाल्या, "हो का? बरं." आणि निरांजनाची वात उगाचच सारखी करत बसल्या. पेढा तोंडात फिरेना.

आता तांत्रिकदृष्ट्या माझं चुकलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो (आम्हा लोकांना तेवढीच हौस). आपल्याकडे कुंड्यांमधून जे ब्रह्मकमळ म्हणून मिरवतं ते एपिफायलम ऑक्सिपेटालम. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याची पानं म्हणजे पानं नव्हेतच, चपटी झालेली खोडं आहेत. म्हणून तर फूल पानाच्या कडेतून आल्यासारखं दिसतं. पण बरोबर असणं आणि शहाणपणाचं असणं यात फरक असतो. त्या रात्री झोप काही लागेना. मग नेहमीसारखं वाचत सुटलो. एक शनिवार-रविवार, मग दुसरा, असं करत महिना गेला. काकूंना दिलेलं उत्तर किती अपुरं होतं ते हळूहळू कळत गेलं. म्हणून हा लेख.

आधी 'मी पाहिलंय' त्याबद्दल. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही चार मित्र उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला गेलो होतो. दरीत फुलांचा नुसता सडा, पण ब्रह्मकमळ तिथे सहज दिसत नाही. ते हेमकुंडच्या चढावर, चार हजार मीटरच्या आसपास, खडकांच्या सांदीत भेटतं. पाऊस भुरभुरत होता, धाप लागली होती, आणि मित्र ओरडला, "ते बघ!" पहिल्यांदा माझा चक्क विरस झाला. वीतभर उंचीचा दांडा आणि वर फिकट पिवळसर-हिरवट, कागदासारख्या पातळ पानांचा द्रोण, कोणीतरी ओंजळ मिटून धरावी तसा. कमळ वगैरे काही नाही. द्रोण किंचित उघडून आत डोकावलं तर जांभळट-काळसर, बोंडासारखे गुच्छ एकमेकांना बिलगून बसलेले. वास उग्र. काकूंच्या गॅलरीतल्या फुलाचा आणि याचा काडीचाही संबंध दिसत नव्हता.

तो द्रोण म्हणजे फूल नव्हे. ती फुलांना वेढणारी पानं, वनस्पतिशास्त्रात त्यांना छद म्हणतात. आतला प्रत्येक जांभळा गुच्छ हेही एक फूल नव्हे. तो अनेक बारक्या फुलांचा मेळा असतो. सूर्यफूल आठवा. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते शेकडो फुलांचं संमेलन असतं. मधली तबकडी म्हणजे बारीक नळीसारखी फुलं आणि कडेची प्रत्येक पिवळी 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूल. झेंडू, शेवंती, अॅस्टर, डेझी सगळ्यांची तीच तऱ्हा. ब्रह्मकमळ याच सूर्यफुलाच्या कुळातलं. म्हणजे फुलांचा गुच्छ, गुच्छांचा गुच्छ आणि त्यावर छदांचं वेष्टन. हे कुळ प्रचंड मोठं आहे. साधारण पंचवीस हजारांवर जाती, सोळाशेच्या वर प्रजाती. इतक्या मोठ्या गोतावळ्यात कोण कोणाचं, हे ठरवायचं कसं?

पहिला मोठा प्रयत्न स्वीडनच्या लिनियसचा. १७५३ साली त्याचं 'स्पीशीज प्लांटारम' आलं आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत रुजली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी, नाव नंतर, असं समजा. लिनियसचे वर्ग सोयीचे होते, नात्याचे नव्हते. पुंकेसर किती आणि कसे हे मोजायचं आणि खण ठरवायचा. सूर्यफुलांच्या बारक्या फुलांत पुंकेसरांची टोकं एकमेकांना चिकटून नळी होते, म्हणून ती सगळी एका मोठ्या वर्गात गेली. युरोपातल्या डोंगरांवर वाढणारं एक जांभळं फूल त्याने सेराट्युला या प्रजातीत टाकलं, नाव सेराट्युला अल्पिना. उंच पहाडातलं म्हणून अल्पिना. आपल्या गोष्टीतलं हे पहिलं पात्र.

दुसरं पात्र जिनिव्हाचं. ऑगुस्तँ पिराम द कांडोल, जन्म १७७८. हा माणूस म्हणजे वर्गीकरणाचा खराखुरा वेडा. 'टॅक्सॉनॉमी' हा शब्दही त्यानेच १८१३ मध्ये घडवला. सेराट्युलातलं ते डोंगरी फूल इतरांपेक्षा वेगळं आहे असं त्याचं मत पडलं. ही वनस्पती बारशाला बसली १८१० साली. द कांडोलने नवी प्रजाती केली आणि नाव दिलं सोस्यूरिया. याच प्रजातीत आज आपलं ब्रह्मकमळ आहे.

सोस्यूर हे जिनिव्हातलं एक नामांकित घराणं. बाप होरास-बेनेदिक्त (१७४०-१७९९) आणि मुलगा निकोला-थेओडोर (१७६७-१८४५). मुलाने झाडं हवेतून आणि पाण्यातून काय घेतात याचा काटेकोर हिशेब मांडला. बाप मात्र डोंगरवेडा. माँ ब्लाँ या शिखरावर जायचा रस्ता जो शोधेल त्याला बक्षीस, असं त्याने १७६० मध्ये जाहीर केलं. सव्वीस वर्षांनी, १७८६ मध्ये, बाल्मा आणि पाकार वर पोचले. दुसऱ्याच वर्षी हे महाशय स्वतः चढले, आणि सोबत काय, तर हवेचा दाब, तापमान, आर्द्रता मोजायची यंत्रं. आभाळाचा निळेपणा मोजायचंही एक साधन त्याने केलं होतं.

या गोष्टीत मला सर्वात आवडला तो त्याचा डबा. १७६७ साली त्याने आतून काळं केलेलं, उष्णता बाहेर जाऊ न देणारं लाकडी खोकं केलं आणि वर एकावर एक काचा बसवल्या. उन्हात ठेवल्यावर आतलं तापमान पाणी उकळण्याच्याही पुढे गेलं. आपल्याकडे गच्चीवर डाळ-भात शिजवणारे सोलर कुकर आले, त्यांचा हा पूर्वज. पुढे तो हा डबा घेऊन उंच डोंगरावर गेला. बाहेरची हवा खूप गार, पण डब्यात जवळजवळ खालच्याइतकीच ऊब! उन्हाला उंचीची पर्वा नाही, अडचण ऊब धरून ठेवायची आहे, हे त्यातून दिसलं. हा डबा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

याच सुमारास पॅरिसमध्ये एक न्यायाधीश फावल्या वेळात डोळ्याला भिंग लावून बसायचा. आँरी कासिनी (१७८१-१८३२). शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या ज्योतिर्विद कासिनीचा हा खापरपणतू. चार पिढ्या आभाळाकडे बघण्यात गेल्या, याने मान खाली घातली आणि सूर्यफुलांच्या बारक्या फुलांतल्या स्त्रीकेसराचा दांडा आणि त्याची दोन टोकं बघायला लागला. टोकांवर केस कुठे आहेत, कसे आहेत, ती कशी वळतात. एवढ्याशा खुणांवरून त्याने या अवाढव्य कुळाचे विसेक गट पाडले. ज्या काळात उत्क्रांतीची कल्पना नीट मांडलीही गेली नव्हती त्या काळातले हे गट. त्यातले कितीतरी आजही थोड्याफार फरकाने टिकून आहेत. दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात फुलं! १८३२ च्या पॅरिसमधल्या कॉलऱ्याच्या साथीत तो गेला. नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

कासिनीच्या गटांतला एक म्हणजे कार्डुई, काटेरी मंडळींचा गट. आज या गटात सोस्यूरिया येते. आपल्या माळरानावरचा उंटकटारा येतो. आणि, सांभाळून बसा, आपली करडई येते! करडईवर पुन्हा येतो.

इकडे द कांडोलने जगातल्या सगळ्या बीजधारी वनस्पतींची यादी करायचा संकल्प सोडला होता. तिचं नाव 'प्रोड्रोमस', म्हणजे प्रस्तावना. पहिला खंड १८२४ चा. 'प्रस्तावना' म्हणता म्हणता सतरा खंड झाले आणि बाप १८४१ मध्ये गेल्यावर मुलाने ते काम १८७३ पर्यंत रेटलं. (प्रोजेक्टचा अंदाज चुकणं ही आमच्याच धंद्याची मक्तेदारी आहे असं मला वाटायचं.) सूर्यफुलांचे खंड आले १८३६ ते १८३८ मध्ये. त्यात, १८३८ साली, हिमालयातलं एक फूल नोंदवलं गेलं, अॅप्लोटॅक्सिस ऑबव्हॅलाटा. ऑबव्हॅलाटा म्हणजे तटबंदीने वेढलेलं. बरोबर ओळखलंत, हेच आपलं ब्रह्मकमळ. द कांडोल भारतात कधीच आला नव्हता. हेमकुंडचा तो पाऊस, तो वास यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. हिमालयातून गोळा होऊन वाळलेले कागद युरोपात पोचायचे, त्यांवरून तो काम करत होता.

आणि मग त्याने त्याला स्वतःच्याच सोस्यूरियात का नाही टाकलं? रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते तसा सूर्यफुलाच्या कुळात अनेकांच्या बीवर केसांचा झुबका असतो. सोस्यूरियात या केसांच्या दोन रांगा. द कांडोलला काही जातींत एकच रांग दिसली, म्हणून ही वेगळी प्रजाती. नावाचाच अर्थ 'एकेरी रांग'. पण हा फरक टिकला नाही. १८४० च्या दशकातच इतरांनी ब्रह्मकमळ उचलून सोस्यूरियात नेलं आणि ते सोस्यूरिया ऑबव्हॅलाटा झालं. मूळ नाव देणाऱ्याचं नाव मात्र कंसात राहतं, ही वनस्पतिशास्त्राची सभ्य पद्धत. आमच्याकडे कोडची कुठली ओळ मुळात कोणी लिहिली याची नोंद राहते, तसंच.

हिमालयात अशी तऱ्हेवाईक फुलं एक-दोनच नव्हती. डेव्हिड डॉनने नाव दिलेलं सोस्यूरिया गॉसिपिफोरा, म्हणजे 'कापूस धरणारं', हे तर फूल वाटतच नाही. दगडांत कोणी लोकरीचा गुंडा टाकलाय असं वाटतं. गढवालात याला फेनकमळ म्हणतात. अगदी वर, एव्हरेस्टच्या उतारावर, सुमारे ६,४०० मीटरवर मिळालेली सोस्यूरिया नॅफॅलोडीस ही सर्वात उंचावर वाढणाऱ्या सपुष्प वनस्पतींपैकी एक म्हणून गणली जाते. जोसेफ हूकर १८४८-४९ मध्ये सिक्कीमात हिंडला, पुढे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' त्याच्या देखरेखीखाली झालं. भारतातल्या सूर्यफुलांवरचं 'काँपोझिटी इंडिकी' हे पुस्तक कलकत्त्यात १८७६ मध्ये निघालं, ते लिहिणारा चार्ल्स बॅरन क्लार्क हा बंगालचा शाळा-तपासनीस. हाही नोकरदार!

या सगळ्यांनी वर्गीकरण केलं ते दिसण्यावरून. दुसरं साधनच नव्हतं. लोकरवाले एका गटात, द्रोणवाले दुसऱ्या गटात. लेनिनग्राडच्या लिपशिट्झ यांनी आयुष्याचा मोठा भाग सोस्यूरियाला वाहिला आणि १९७९ मध्ये या प्रजातीवर मोठा ग्रंथ काढला. त्यातही द्रोणवाल्यांचा स्वतंत्र गट आहे. डोळ्यांना पटण्यासारखंच आहे हो. इतकी वेगळी दिसणारी झाडं, ती एकाच पूर्वजाची लेकरं असणार ना?

नाहीत! २००४ मध्ये जपानी संशोधकांनी आणि २००९ मध्ये चिनी-युरोपीय संशोधकांनी या फुलांचे डीएनए ताडून पाहिले. निष्कर्ष असा की लोकर आणि द्रोण या दोन्ही युक्त्या एकाच घराण्यात एकदाच आलेल्या नाहीत. वेगवेगळ्या शाखांमध्ये त्या स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा अवतरल्या. तिबेटचं पठार उचललं गेलं, नवे डोंगर, नव्या दऱ्या तयार झाल्या, थोडक्या काळात सोस्यूरियाच्या शेकडो जाती फुटल्या, आणि प्रत्येक शाखेपुढे प्रश्न तोच होता. थंडी, कडक ऊन, पाऊस आणि जेमतेम दोन-तीन महिन्यांचा उन्हाळा. दोन गावांतल्या दोन प्रोग्रॅमरांनी एकमेकांना न भेटता तोच सॉर्टिंगचा कोड लिहावा तसं. कोड सारखा दिसला म्हणजे कॉपी मारली असं नव्हे, प्रश्नच सारखा असतो.

आता तो डबा आठवा. ब्रह्मकमळाचा द्रोण हा काय आहे? ऊन आत घेणारं, ऊब धरून ठेवणारं, पाऊस बाहेर ठेवणारं पारदर्शक खोकं! ऐन पावसाळ्यात फुलणाऱ्या या झाडाचे परागकण त्या छपराखाली कोरडे राहतात. हिमालयातली रेवंदचिनीची एक उंच जात, रियम नोबिले, हीसुद्धा फिकट पानांचा असाच मनोरा बांधून आत फुलं लपवते. तिचा आणि सूर्यफुलाचा दूरदूरचा संबंध नाही. द कांडोलने सोस्यूरचं नाव दिलं तेव्हा त्याच्यासमोर हिमालयातलं हे फूल नव्हतंच, नाव पडलं ते युरोपातल्या साध्यासुध्या झाडावरून. निव्वळ योगायोगाने काचेचा डबा करणाऱ्याचं नाव काचघर बांधणाऱ्या फुलाला लागलं. असे योगायोग जुळून येतात तेव्हा शनिवार सार्थकी लागतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मजेशीर आहे, पण कोणाला या गटात टाकलं काय नि त्या गटात टाकलं काय, कोणाचं काय अडतं? अडतं. आयुर्वेदातलं कोष्ठ, काष्ठौषधीच्या दुकानात उपलेट म्हणूनही मिळतं ते, याच गोतावळ्यातलं आहे. काश्मीर आणि आसपासच्या उंच उतारांवरच्या एका दणकट झाडाचं मूळ. अथर्ववेदात हिमवंतावर जन्मलेल्या कुष्ठाची सूक्तं आहेत, ती याचीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखावरच्या बंदरातून आणि भडोचहून रोमकडे जाणाऱ्या मालात हे मूळ आहे. त्यांच्याकडचं नाव कॉस्टस, म्हणजे आपलं कुष्ठच. पुढे धूप-उदबत्तीसाठी चीनला जायचं. काश्मीर संस्थानाने तर याच्या व्यापाराची मक्तेदारीच ठेवली होती.

पण ते झाड नेमकं कोणतं, हे युरोपला अठराशे वर्षं ठाऊक नव्हतं. सहारनपूरच्या बागेचा प्रमुख ह्यू फाल्कनर १८३० च्या दशकाच्या अखेरीस काश्मीरात गेला आणि त्याने ते ओळखलं. नवी प्रजाती केली आणि तेव्हाच्या गव्हर्नर जनरलला, लॉर्ड ऑकलंडला, वाहिली. नाव ऑकलंडिया कॉस्टस. फ्रान्समध्ये दकेन याने तेच झाड अॅप्लोटॅक्सिस लाप्पा म्हणून छापलं. मग ते सोस्यूरियात जाऊन सोस्यूरिया लाप्पा झालं. १९६४ मध्ये लिपशिट्झ यांनी फाल्कनरचं 'कॉस्टस' आधीचं म्हणून त्याला मान दिला, झालं सोस्यूरिया कॉस्टस. २०११ च्या चीनच्या वनस्पतिकोशात ते पुन्हा ऑकलंडिया झालं. २०२० मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनएच्या आधारे ते डोलोमिया प्रजातीत हलवलं. झाड तेच, पाच नावं. माझ्या आत्याने लग्नानंतर बदललेलं नाव रेशनकार्डात एक, बँकेत दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं होतं, तिचे हाल मी पाहिलेत.

आणि इथेही हाल कागदावरचेच नाहीत. मुळासाठी खणून खणून जंगलातलं कोष्ठ संपत आलं. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारात १९८५ साली ते पहिल्या परिशिष्टात गेलं. म्हणजे जंगलातून काढलेल्या मालाचा परदेशी व्यापार बंद. निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. आता विचार करा, बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याच्या हातात वाळकी मुळं आहेत आणि कागदावर लिहिलंय ऑकलंडिया. त्याच्या यादीत फक्त सोस्यूरिया असेल तर? म्हणून साइटीसच्या यादीत सोस्यूरिया कॉस्टसपुढे जुनी नावंही 'बरोबर' अशी खूण करून छापलेली आहेत. डेटाबेस बदलला तरी जुनी किल्ली चालू ठेवायची, नाहीतर चोराला वाट मिळते. वर्गीकरण शास्त्रज्ञांच्या खोलीत बदलतं, पण त्याचा धागा डोंगरावरच्या त्या मुळापर्यंत पोचतो.

अजून एक गोष्ट, जी वाचून मी काही वेळ स्क्रीनपासून उठलो. तिबेटच्या बाजूला सोस्यूरिया लॅनिसेप्स नावाचं लोकरी हिमकमळ औषधासाठी उपटतात. जितकं मोठं तितका भाव जास्त, म्हणून मोठी झाडं आधी जातात आणि बी धरायच्या आत जातात. २००५ मध्ये लॉ आणि सॅलिक या दोघांनी जुन्या संग्रहांतले शतकभरातले वाळलेले नमुने मोजले. झाडं बुटकी होत गेली होती. जिथे माणसाचा हात कमी पोचतो तिथली मात्र उंच होती, आणि शेजारीच वाढणारी, फारशी न तोडली जाणारी दुसरी जात बुटकी झाली नव्हती. आपण निवडून निवडून त्या फुलाला ठेंगणं केलं. हे कळलं ते कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी नाव, जागा, तारीख घालून झाड कागदावर चिकटवून ठेवलं होतं म्हणून.

ब्रह्मकमळ उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे. केदारनाथ-बद्रीनाथला ते वाहतात. हेमकुंडच्या वाटेवर मला एक गृहस्थ भेटले होते, हातात पाच-सहा फुलं. 'देवाला वाहायला' म्हणाले. मी गप्प बसलो होतो. कुंडीतल्या फुलाची पूजा करणाऱ्या, एक पाकळीही न तोडणाऱ्या काकूंना मात्र लगेच शहाणपण शिकवलं.

आणि शेवटी त्या 'खऱ्या'चं काय? मी एपिफायलम ऑक्सिपेटालमचा इतिहास काढला. हे नाव १८२९ मध्ये हॉवर्थने केलं. पण त्याच्या आधी, १८२८ मध्ये, 'प्रोड्रोमस'च्या तिसऱ्या खंडात ते सिरियस ऑक्सिपेटालस म्हणून नोंदलं गेलं होतं. नोंदवणारा कोण? द कांडोल! म्हणजे काकूंच्या गॅलरीतलं ब्रह्मकमळ आणि हेमकुंडचं ब्रह्मकमळ या दोघांचं शास्त्रीय बारसं एकाच माणसाने, एकाच ग्रंथमालेत, दहा वर्षांच्या अंतराने केलंय. दोन्ही वेळा त्याने दिलेलं आडनाव टिकलं नाही, दोन्ही वेळा तो कंसात उरला. मेक्सिकोतलं झाड आणि हिमालयातलं झाड, त्याच्या लेखी काही संबंध नाही. पुढे आपल्या लोकांनी न सांगता-सवरता दोघांना एकच नाव देऊन टाकलं.

सोस्यूर घराण्यातला आणखी एक माणूस इथे आठवतो. होरासचा पणतू फेर्दिनां द सोस्यूर (१८५७-१९१३), भाषाशास्त्रज्ञ. शाळेत सति सप्तमी शिकलेल्यांना आवडेल, त्याचा प्रबंध संस्कृतातल्या तशाच षष्ठीच्या प्रयोगावर होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्यातला गाभ्याचा मुद्दा असा की शब्द आणि अर्थ यांचं नातं निसर्गाने ठरवलेलं नसतं. बोलणाऱ्या समाजाने मानलेलं असतं. अमुक नाव 'खरं' आणि तमुक 'खोटं' असं नावाच्या पोटात काही नसतं. नातं खरं-खोटं असू शकतं, ते डीएनए सांगेल. नाव हा आपला आपसातला करार.

मग एका रविवारी मी काकूंकडे गेलो. ट्रेकचे फोटो नेले होते. "काकू, त्या दिवशी जरा जास्तच बोललो. तुमचंही ब्रह्मकमळच आहे." काकूंनी चष्मा लावून फोटो नीट पाहिले. मी म्हटलं, "हे तुमच्या फुलाचं कोणी नाही लागत. पण याच्या भावकीतलं एक झाड तुम्ही लहानपणापासून बघताय. करडई."

काकू परभणीकडच्या. माहेरी रानात करडई. त्यांनी फोटोतल्या जांभळ्या बोंडांवर बोट ठेवलं. "अरे हो की, बोंड तसंच आहे. म्हणजे आम्ही आयुष्यभर ब्रह्मकमळाच्या चुलतभावाची भाजी खाल्ली म्हण की."

"तसंच काहीसं."

"मग आता डब्यात घालून देते ती मुकाट्याने खा. आणि हे बघ, परत कळ्या धरल्यात. फुलली की बोलावीन. पण पेढा खायचा नि गप्प बसायचं."

असो. सोमवार उजाडतोय. कळ्या फुगल्यात असं काल जिन्यात कळलंय.